ड्रमावरची परात

मागच्या महिन्यात अमरावती रोडवरच्या एका लॉनमध्ये लग्नाला गेले होते. दारात गुलाबपाण्याचे फवारे, आत चाटपासून चायनीजपर्यंत सगळे स्टॉल, आणि एवढं सगळं सोडून झुंबड कुठे, तर एका कोपऱ्यात. तिथे पाटी होती, 'लाइव्ह लंबी रोटी'. ज्यांनी ही खाल्ली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ही आमच्या नागपूरकडची रोटी पोळपाटावर लाटत नाहीत. कणीक इतकी सैल असते की लाटणं तिच्यात रुतून बसेल. गोळा दोन्ही हातांवर खेळवत लांबवायचा, कोपरापर्यंत आला की विस्तवावर पालथ्या घातलेल्या मटक्यावर अलगद टाकायचा. मिनिटभरात रोटी तयार. ओढणीसारखी पातळ आणि मऊ.

तर त्या कोपऱ्यात एक बाई रोट्या टाकत होती. डोक्याला लाल फेटा. तो लॉनवाल्यांनीच बांधायला लावला असणार, कारण विस्तवासमोर फेटा बांधून कोणी शहाणी बाई आपणहून उभी राहत नाही. गोळा लांबला की लोक मोबाइल वर करायचे, रोटी मटक्यावर पडली की टाळ्या वाजवायचे. टाळ्यांच्या नादात तयार रोट्या ताटलीत थंड होऊन चालल्या होत्या.

"टाळ्या कसल्या वाजवता? गरम गरम खा ना!" मी म्हटलं, जरा मोठ्यानेच.

"झालं, मॅडमचा तास सुरू झाला," नवरा शेजाऱ्याला म्हणाला. मी शाळेत शिकवते, म्हणून हे टोमणे मला रोजचे आहेत.

पण त्या दिवशी मी तिथून हलले नाही. ताट हातात, रस्सा निवून चाललेला, आणि मी त्या बाईच्या हातांकडे बघत उभी. कारण त्याच आठवड्यात आमच्या मुख्याध्यापकांनी मला मुलींच्या मेळाव्यात भाषण करायला सांगितलं होतं. विषय काय, तर 'संकटे माणसाला घडवतात'. "तुम्ही स्वतः इतक्या हलाखीतून वर आलात मॅडम, तुमच्याइतकं चांगलं कोण बोलणार?" असंही वर म्हणाले. माणूस भला आहे, पण मला असा राग आला! संकटं घडवतात म्हणे. लहानपणी आम्ही नागपूरलगत वाडीला राहायचो, तिथल्या खोल्यांच्या ओळीत आमच्या शेजारी एक ड्रायव्हर राहायचा, हसरा, गाणारा माणूस. त्याची नोकरी गेली तेव्हा त्याला कोणी घडवलं? दारूने खाल्ला तो. बायको पोरांना घेऊन माहेरी गेली ती परत आली नाही. आमच्यावर आलं तेवढंच त्यांच्यावर आलं होतं. मग आम्ही का तरलो आणि ते का नाही? हे मला कोणी सांगावं, मग मी खुशाल भाषण करीन.

त्या मटक्यासमोर उभं राहिल्यावर मला वाटलं की हे थोडंफार मला माहीत आहे. आणि लगेच असंही वाटलं की ते सांगायला गेले तर माइकसमोर रडू कोसळेल.

आमचं मूळ गाव कळमेश्वरच्या पुढे, काळ्या मातीचं. शेती मोठेबाबांकडे, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाकडे. बाबांना शेतात गोडी नव्हती. त्यांना गाडी हवी होती, ती पण मोठी. लग्नाआधीच ते ट्रकवर क्लीनर म्हणून गेले आणि पुढे ड्रायव्हर झाले. म्हणून आम्ही वाडीत. आता तिथे कायकाय झालंय, पण तेव्हा गोदामांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती, तिच्यातली शेवटची खोली आमची. सकाळ झाली की ट्रकच्या हॉर्नने जाग यायची. खोलीत डिझेलचा वास कायमचा मुरलेला. मी मोठी होईपर्यंत मला वाटायचं की सगळ्या घरांना तोच वास असतो.

बाबा घरी आले की ओळीतल्या सगळ्यांना कळायचं. बोलणं मोठं, हसणं त्याहून मोठं. आणि हात! पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाड्या चालवून चालवून त्यांचे दंड असे झाले होते की मी आणि शेजारची पोरं त्यांना लोंबकळायचो. "चला रे पोट्टेहो, कोण कोण लटकते?" म्हणत ते दोन्ही हात पसरून अंगणात उभे राहायचे. आई आतून ओरडायची, "अहो, त्या पोट्टीच्या फ्रॉकची शिवण उसवून राहिली!"

मी दहावीत गेले त्या वर्षी थंडीत एका गोदामासमोर माल उतरवताना लोखंडी सळ्यांचा भारा सुटला आणि बाबांच्या पायावर आला. गाडी चालवण्यात काही चूक नाही, रस्त्यावर अपघात नाही. गाडी बंद करून, खाली उतरून, चहाचा ग्लास हातात धरलेल्या माणसावर हे आलं. बाबांना त्याचाच संताप सगळ्यात जास्त होता. "चालवताना काही झालं असतं तं समजलं असतं," असं ते पुन्हा पुन्हा म्हणायचे.

रामदासपेठेत दवाखान्यात ऑपरेशन झालं, पायात रॉड टाकला. घरी सोडताना डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, मी पण तिथेच होते. हाड जुळेल, पण यांनी रोज उभं राहिलं पाहिजे, पायावर थोडा थोडा भार दिला पाहिजे. नाहीतर गुडघा आखडून जाईल, मग कोणी काही करू शकणार नाही.

आईने मान डोलावली. घरी आल्यावर बाबा बाजेवर आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच.

अहो, रडणारा माणूस परवडतो, शिव्या देणारा परवडतो. हा माणूस काहीच करेना. आई म्हणायची, "उठता का जरा?" तर उत्तर, "उद्या." कुबड्या कोपऱ्यात उभ्या, त्यांच्यावर मी माझी ओढणी वाळत घालायला लागले. मित्र भेटायला यायचे, बसायचे, गप्प व्हायचे, निघून जायचे. हळूहळू यायचे बंद झाले. मालकाने काही दिवस मदत केली, मग गाडीवर दुसरा ड्रायव्हर ठेवला. त्यात त्याचं तरी काय चुकलं?

आईला एक गोष्ट येत होती, लंबी रोटी. आमच्या गावात लग्न असलं की रोट्या टाकायला बाया बोलावत नाहीत, बाया येतातच. नात्यातल्या, गल्लीतल्या. रोट्या टाकणं म्हणजे मान. ज्या घरच्या बाईची रोटी न फाटता मटक्यावर जाते, त्या घराचं नाव निघतं, आणि त्यासाठी पदरात फार तर एक नारळ पडतो. पैसा? नाव काढायची सोय नाही. आईच्या हाताची रोटी आमच्या भावकीत पहिल्या नंबरची मानलेली होती.

ओळीत एकाकडे बारसं झालं, तिथे आईने रोट्या टाकल्या. जेवायला आलेल्या एका आचाऱ्याने त्या खाल्ल्या आणि दुसऱ्याच दिवशी तो आमच्या दारात हजर. लग्नसराई तोंडावर आली होती, त्याला रोट्यांसाठी हात हवा होता. आईने ऐकून घेतलं आणि बाजेकडे बघितलं.

बाबा भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलले, "आपल्या घरच्या बाया रोट्या विकत नाहीत."

"मंग काय विकतात?" आई म्हणाली.

"तू समजून नाही राहिली. तो मान हाये आपला."

"मान तिकडं गावात हाये. इथं कोणाचं लगन हाये आपल्या नात्यात, तं मी मानानं टाकू? इथं भूक लागली तं खाले तर पाह्यजे ना."

आचारी अंगणात अवघडून उभा होता, आईने त्याला सांगितलं, "येते म्हणून लिहून ठेवा, भाऊ."

मग आमच्या खोलीमागे मटका मांडला गेला. वर ट्रकची जुनी ताडपत्री, जळणाला गोदामांतून फेकलेल्या खोक्यांच्या फळ्या. विस्तव विझला की राखेतून खिळे निघायचे, ते वेचायचं काम माझं. पीठ आईच्या जुन्या पातळातून चाळायचं कामही माझं. पण कणकेला मात्र ती मला हात लावू देत नसे. परात मांडीसमोर घेऊन ती जमिनीवर बसायची आणि कणीक उचलून आपटायची, उचलून आपटायची. पाणी, पुन्हा आपटणं. चांगला तासभर. कणकेला तार सुटेपर्यंत हे चालतं. घामाने तिचा पदर ओला व्हायचा. मी म्हणायचे, "दे ना, मी करते." ती म्हणायची, "तू त्या भूमितीचं पाह्य. तुले तेवढं पुरे."

होळी झाल्यावर मोठेबाबा आले. धोतर, टोपी, हातात गव्हाचं पोतं. सख्ख्या भावाची ती दशा बघून ते थोडा वेळ दारातच उभे राहिले. मग बाजेच्या कडेला बसून म्हणाले, "बावा, झालं ते झालं. मिरगाच्या आधी घरी ये. तुझा वाटा कोणी खाल्ला नाही. ओसरीत बाज टाकतो तुझी. बसल्या जागी खाय. पोरीसाठी पण पाहू, एक दोन ठिकाणं माझ्या नजरेत हायेत."

ते प्रेमाने बोलत होते. मी मोठेबाबांना दोष देणार नाही, आजही नाही. पण 'पोरीसाठी पाहू' म्हणजे माझी शाळा संपली हे मला कळलं, आणि 'बसल्या जागी खाय' म्हणजे काय हे आईला कळलं.

बाबा म्हणाले, "तू म्हणशील तसं, दादा."

आई मोठेबाबांशी थेट बोलत नसे. आमच्यात थोरल्या दिरासमोर पदर घ्यायचा आणि काही सांगायचं तर पोरांमार्फत सांगायचं. ती चुलीपाशी पाठमोरी बसून मला म्हणाली, "सांग मोठ्याबाबाले, लगीनसराईचं काम धरलं हाये. ते संपेपर्यंत थांबा म्हणा."

"थांबतो," मोठेबाबा मलाच म्हणाले. "मिरगाच्या आधी गाडी घेऊन येतो."

ते गेल्यावर आई बराच वेळ चुलीपाशी बसून होती. मी विचारलं, "आई, आपण जाणार का गं?" तिने माझ्याकडे बघितलं आणि बाजेकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "तिथं गेले तं तुझे बाबा जन्मात उठत नाहीत. गावात चार माणसं रोज येतील, बिचारा म्हणतील. या माणसाले बिचारा म्हटलेलं चालते का?" एवढं बोलून ती उठली.

एका सकाळी मी नळावरून पाणी घेऊन आले, तर आईच्या उजव्या मनगटाला हळद लावून चिंधी गुंडाळलेली. "मुरगळलं वं," म्हणाली. त्याच दुपारी एका लग्नाच्या रोट्या होत्या. पीठ भिजवून झालेलं होतं, आणि भरलेली परात दाराबाहेर, तेलाच्या पालथ्या रिकाम्या ड्रमावर ठेवलेली होती.

"तूच आपट आज," आई म्हणाली. "टाकाले जोर नाही लागत, टाकीन मी."

मला केवढा आनंद झाला! बाह्या वर करून मी परातीत हात घातले आणि पाच मिनिटांत रडकुंडीला आले. कणीक म्हणजे डिंक. उचलली की बोटांत अडकायची, आपटली की माझ्याच तोंडावर उडायची. परात ड्रमावर सरकत होती, आवाज येत होता तो आमच्याकडच्या मांजरीने दूध प्यावं तसा. आई दारात उभी राहून नुसतं "जोरानं, जोरानं" करत होती. ऊन चढत चाललं होतं.

आतून आवाज आला, "काय करून राहिली ते पोट्टी?"

"कणीक आपटून राहिली," आईने दारातूनच सांगितलं. "माझं मनगट मुरगळलं ना."

मी पुन्हा आपटलं.

"अवं, ते गोंजारून राहिली तिले! आपट म्हणा!"

"आपटतेच तर आहे!" मी ओरडले. मला पण राग येतो, तो काही आज सुरू झालेला नाही.

"तिच्यानं होत नाही. दुसऱ्या कोणाले बोलाव."

"कोणाले बोलावू? सगळ्या बाया आपापल्या कामाले गेल्या. जाऊ द्या, फाटतील रोट्या तं फाटतील. आचारी उद्यापासून नको म्हणीन. आपलं तसंही गावाले जाचंच हाये."

मग बाजेची दोरी करकरली. मी वळून बघितलं नाही, मला भीती वाटली की बघितलं तर ते परत पडतील. कुबडी पडल्याचा आवाज, शिवी, माझी ओढणी फेकल्याचा आवाज, पुन्हा शिवी. आई जागची हलली नाही. तिने हात पुढे केला नाही. मला तेव्हा ती दुष्ट वाटली.

बाबा दारात आले. दाढी वाढलेली, गंजी मळकी, तोंड वेदनेने वाकडं. ड्रमाला पोट टेकवून, एका पायावर सगळा भार घेऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "सरक."

पुढचा तास मी विसरणार नाही. त्यांनी कणीक उचलली आणि आपटली तेव्हा ड्रम असा दणाणला की समोरच्या गोदामातले हमाल वळून बघायला लागले. बाबा त्या कणकेला शिव्या देत होते. मग सळ्यांना. मग त्या चहाच्या ग्लासाला. मग देवाला, आणि माझ्या आईसमोर देवाला शिव्या द्यायची कोणाची हिंमत नव्हती, पण त्या दिवशी ती ऐकून घेत होती. मध्येच त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पिठाच्या हातानेच पुसत होते, सगळं तोंड पांढरं झालं होतं. पाय थरथरत होता. थांबले नाहीत. कणकेला तार सुटली, चकाकी आली, तरी ते आपटतच होते.

"बस्स," आई शेवटी म्हणाली. "आता पडू द्या."

कणीक आपटून झाली की तिला ओल्या फडक्याखाली थोडा वेळ तशीच ठेवावी लागते, नाहीतर हातावर घेतली की फाटते. त्याला आम्ही कणीक पडू देणं म्हणतो.

"मंग मी पण पडतो जरा," बाबा धापा टाकत म्हणाले.

"तुमी नाही," आई म्हणाली. "कणीक पडू द्या म्हटलं. तुमी बहुत पडले."

बाबांनी आईकडे बघितलं. आणि मग हसले. आधी बारीक, मग ते जुनं, ओळीतल्या सगळ्यांना कळेल असं. मी तिथेच ड्रमाशेजारी बसून भोकांड पसरलं. हमाल काय म्हणाले असतील कोण जाणे.

त्या दिवशी एकही रोटी फाटली नाही, आई संध्याकाळी कौतुकाने सांगत होती.

मग तो नेमच झाला. आईचं मनगट काही बरं होईना. रोज चिंधी, रोज हळद. मी कधी विचारलं तर म्हणायची, "हाडाचं दुखणं हाये, जाईन हळूहळू." परात रोज ड्रमावर. बाबा रोज दारापर्यंत यायचे, कुबड्या घेऊन, मग एक कुबडी घेऊन, मग भिंत धरून. आधी एका पायावर उभे राहायचे, तो थकला की नकळत दुसरा टेकवायचे. हात कणकेत गुंतलेले असल्यामुळे पायाकडे लक्ष जात नसावं. ओळीतले लोक यायला लागले, ड्रमाभोवती गप्पा रंगायला लागल्या. माझी परीक्षा झाली. उन्हाळा नागपूरचा, ताडपत्रीखाली विस्तव, आणि बाबा घामाने निथळत आरोळ्या ठोकत होते, "आणा रे, अजून कोणाचं लगन राह्यलं?"

मिरगाच्या आधी मोठेबाबा आले, बोलल्याप्रमाणे छोटा टेम्पो घेऊन. सामान बांधलेलं असेल असं त्यांना वाटलं असणार. ते अंगणात उतरले तेव्हा बाबा ड्रमापाशी उभे, कोपरापर्यंत कणीक, दाढी केलेली. मोठेबाबांची नजर त्या हातांवर खिळली. चेहरा उतरला त्यांचा.

"हे काय करून राहिला गा?" ते म्हणाले. "पाटीलकीच्या घरातला माणूस अन् बायांचं काम? तेही लोकांच्या लग्नाचं?"

आईने पदर घेतला. मी आईचा हात धरला. माझी अकरावी, आमची खोली, सगळं त्या एका क्षणात अडकलेलं होतं, आणि बाबा त्यांच्या दादापुढे कधी बोलत नसत.

"दादा," बाबा म्हणाले, "हाताकडं कायले पाह्यतो? पायाकडं पाह्य ना."

मोठेबाबांनी खाली बघितलं. दोन्ही पाय जमिनीवर. कुबडी भिंतीला लावलेली, कितीतरी लांब. मग टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं, आणि तोंडावरून ती टोपी लवकर काढली नाही.

त्या दिवशी ते आमच्याकडे जेवले. आमरस आणि लंबी रोटी, आईने विस्तवावरून थेट ताटात वाढलेली. टेम्पो रिकामा परत गेला. पुढे दरवर्षी रोट्यांसाठी लोकवन गहू गावाहून यायला लागला. कोणी मागितला नव्हता.

बाबांनी ट्रक पुन्हा चालवला नाही, गुडघा तेवढा वळला नाही. लंगडत चालतात. त्याचं वाईट त्यांना वाटतं, मला माहीत आहे, कारण अजूनही रस्त्याने मोठी गाडी गेली की ते बोलणं थांबवून तिचा गिअर ऐकतात. रोट्यांवर मी शिकले, डी.एड. झाले, नोकरीला लागले. आई-बाबांनी वाडीतच दोन खोल्या बांधल्या.

त्या लग्नानंतरच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. बाबा बाहेर ओट्यावर होते, आई स्वयंपाकघरात. आईला मी लाइव्ह स्टॉलची, फेट्याची गंमत सांगितली. मग म्हटलं, "आई, भाषणात मी तुझंच सांगणार आहे. मनगट मुरगळलेलं असताना तू सगळी लग्नसराई कशी काढलीस ते."

आईने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "असं काही बोलू नको वं बाई लोकायसमोर."

"का? खरं तर आहे."

"खरं नाही ना." ती बाहेरच्या दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाली. "मनगटाले काय झालं होतं? काहीच नाही. नुसती हळद अन् चिंधी. काय करू मंग? उठा म्हणून म्हणून थकली होती मी. पण त्याईले सांगू नको. त्याईले वाटते, माझं अडलं होतं म्हणून ते उठले. वाटू दे."

म्हणजे इतकी वर्षं! त्या चिंधीला मी स्वतः गाठी मारून दिल्या होत्या. हसावं की भांडावं कळेना. मी तशीच उठून ओट्यावर बाबांजवळ जाऊन बसले. तोंडावर काही दिसू द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "सांगितलं वाटते तिनं मनगटाचं?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"पहिल्याच दिवशी समजलं," बाबा म्हणाले. "भरली परात केवढी जड राह्यते! रोज खाली मांडून बसणारी बाई. त्या दिवशी तू नळावर, मी बाजेवर, घरात तिसरं कोणी नाही. मनगट मुरगळलं तं परात ड्रमावर चढवली कोणी?"

"मग बोलला का नाहीत?"

बाबा बराच वेळ रस्त्याकडे बघत होते. मला वाटलं, गाडी ऐकतायत. गाडी नव्हती.

"बोललो असतो तं तिनं परात उतरून घेतली असती," ते म्हणाले. "तिले सांगू नको बरं."

मी नुसती मान हलवली. इतक्यात आतून आईचा आवाज आला, "अहो, आयकलं का? पोरगी आली हाये तं दोन रोट्या टाकते म्हटलं. जरा कणीक आपटून देता का? माझं मनगट धरलं."

बाबांनी माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला. मी आधाराला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"आलो वं," ते म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकवून उठले.